फोनवर पत्ते: मेंढीकोट की ब्रिज?

भिडू घेऊन खेळायचे पत्ते फोनवर खेळायचे ठरवलेत, तर मेंढीकोटचं ॲप घ्यावं की ब्रिजचं? दोन्हीकडे चार खेळाडू, समोरासमोरच्या दोन जोड्या, ५२ पानं, प्रत्येकी १३. इथवर सारखंच. मी निवड एकाच प्रश्नावर करीन: समोर भिडू म्हणून कोण बसणार आहे?

मेंढीकोट आपल्यापैकी बऱ्याच जणांना येतोच. चारपैकी तीन दश्श्या ओढल्या की डाव तुमचा, दोन-दोन झाल्या तर सात हात करणाऱ्यांचा, चारही आल्या तर कोट. डाव चटकन संपतो. हातात रंग असताना हळूच हुकूम मारणाऱ्या काकांचाही बंदोबस्त आपोआप होतो, कारण ॲप ते पान टाकूच देत नाही.

अडचण वेगळीच आहे. या खेळात बोली, म्हणजे खेळाआधी किती हात करणार ते सांगणं, नाही. भिडूला काय हवंय ते त्याच्या पानांवरून ओळखायचं. कट हुकुमात तर ज्याच्याकडचा रंग आधी संपतो, त्याने टाकलेलं पान हुकूम ठरवतं. म्हणजे भिडूकडे कोणता रंग कमी असेल याचा अंदाज बांधून उतारी करायची. हे सवयीच्या जोडीला जमतं, ॲपने जोडून दिलेल्या परक्या माणसाला क्वचितच. बॉटबद्दल, म्हणजे माणसाच्या जागी खेळणाऱ्या प्रोग्रामबद्दल, तर बोलायलाच नको. तुमचा एक्का पडलाय, मारला जायची भीती नाही, तरी हा दुर्री टाकतो आणि दश्शी कवटाळून बसतो. पुढच्याच हाताला ती समोरचे ओढून नेतात. शिवाय कोणी मधेच उठून गेलं की त्याची पानंही बऱ्याचदा बॉटच खेळतो. आणि जाहिराती आहेतच.

म्हणून मेंढीकोट घ्यायचा तो ओळखीचे चौघे असतील तर. दोघं पुण्यात, एक नागपुरात, एक न्यू जर्सीत असले तरी चालेल, वेळ तेवढी जुळवावी लागेल. ॲपमध्ये कोड देऊन खासगी टेबल लावता येतं का आणि बंद हुकूम (आधीच एक पान पालथं ठेवून हुकूम लपवायचा) व कट हुकूम दोन्ही आहेत का, एवढं आधी पाहा. सोबत व्हिडिओ कॉल लावलात, तर खाकरून केलेल्या खाणाखुणांना ॲप काही करू शकत नाही. (तो अर्धा खेळच आहे, ही गोष्ट निराळी.)

एकटे खेळणार असाल तर मात्र ब्रिज. सुरुवात जड जाते, हे खरं. एक किलवरपासून सात बिनहुकूमपर्यंत ३५ बोल्या. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम करून दहा (सहा अधिक चार) हात करण्याचा वायदा. पण याच बोलीमुळे रोबोट भिडू परका राहत नाही. २००१ पासून चालू असलेल्या ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर रोबोटच्या बोलीवर बोट ठेवलं की तिचा अर्थ समोर येतो. त्याने एक बिनहुकूमने सुरुवात केली, की त्याच्याकडे १५ ते १७ गुण आणि पानं चारही रंगांत साधारण सारखी विखुरलेली, हे कळतं. (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १.) तो कधी विचित्र खेळतोही, पण का खेळला याचा माग लागतो.

फनब्रिज या दुसऱ्या ॲपवर तुम्हाला आलेलीच पानं इतर खेळाडूंनाही दिलेली असतात आणि गुण त्यांच्याशी ताडून मिळतात. त्यामुळे पानं वाईट आली ही सबब उरत नाही. मेंढीकोटमध्ये दश्श्याच आल्या नाहीत म्हणून हात झटकता येतात, इथे नाही. काहींना हे रुचणार नाही. मला ब्रिजमधली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं, त्या स्पर्धेतही सगळ्या जोड्यांची तुलना अशीच झाली होती.

पैशांचं म्हणाल तर दोन्हीकडे सुरुवात फुकट होते. ब्रिजमध्ये स्पर्धांना शुल्क पडतं, पण पहिले काही महिने त्यांच्या वाटेला जाऊच नका. रोबोटांबरोबर साधे डाव खेळा आणि प्रत्येक बोलीचा अर्थ वाचत जा.