कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावर नऊ मुक्काम : मे ते सप्टेंबरचा अनुभव

कॅम्पिंगला तळ्याकाठची जागा पहिल्यांदा तरी घेऊ नका. फोटोत ती सगळ्यात देखणी दिसते आणि बुकिंग उघडलं की आधी तीच जाते. आम्हीही दुसऱ्याच मुक्कामाला तीच घेतली होती. एका गावाने चालवलेलं छोटं उद्यान, पश्चिमेला नुसतं पाणी, मध्ये एकही झाड नाही. रात्री तीनला वारा सुटला तो थेट तंबूवर. एक काठी मोडली, दोन मेखा उपटल्या आणि उरलेली रात्र आम्ही चौघांनी गाडीत काढली. मुलांना मजा आली. मला नाही.

आम्ही सस्कॅचेवान प्रांतातल्या रेजायना शहरात राहतो, मूळचे सोलापूरचे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. मेपासून सप्टेंबरपर्यंत नऊ मुक्काम झाले : पहिले चार तंबूत, पुढचे पाच गाडीमागे ओढायच्या एका जुन्या 19 फुटी ट्रेलरमध्ये. त्यातले दोन सासूबाईंना घेऊन. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, हे तर आपलं माळरानच की. इथे झोपायला पैसे देता?"

खोटं नाही ते. रेजायनाच्या आसपासची काळी चिकण माती पाहिली की बार्शीकडचं रान आठवतं. कोरडी असताना भेगा, भिजली की चपलेला किलोभर चिकटते. म्हणून जागा निवडताना माझा पहिला प्रश्न जमिनीचा असतो. मातीवरचा तंबू कोरड्यात छान, पाऊस झाला की दोन दिवस राडा. खडी टाकलेली जागा घ्या, पण मग तंबूसोबत येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मेखा घरी ठेवा, त्या खडीत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले फूटभर लांबीचे जाड लोखंडी खिळे आणि एक हातोडी, एवढं पुरतं. तणावे सगळेच्या सगळे बांधायचे, आकाश निरभ्र असलं तरीही. तंबूची निमुळती बाजू पश्चिमेला. उन्हाळ्यातली वादळं बहुतेक वेळा तिकडूनच येतात आणि सपाट मुलखात त्यांना अडवायला काही नसतं.

दुसरा प्रश्न झाडांचा. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ माळावर, माणसांच्या वस्तीजवळ दिसणारी बरीचशी झाडं मुद्दाम लावलेली आहेत. रेजायनाच्या पूर्वेला इंडियन हेड गावी सरकारी रोपवाटिका होती. 1901 पासून 2013 पर्यंत तिथून शेतकऱ्यांना साठ कोटींहून जास्त रोपं दिली गेली, शेताला आणि घराला वाऱ्यापासून आडोसा म्हणून. त्यातलं कॅरागाना हे सायबेरियातलं काटक झुडूप तुम्हाला अजून जुन्या कॅम्पग्राउंडच्या कडेला भिंतीसारखं उभं दिसेल. मी आता बुकिंगआधी उपग्रहाच्या नकाशावर त्या जागेच्या सावल्या पाहते. लांब सावली म्हणजे उंच झाड. पश्चिमेकडे झाडांची रांग आणि पूर्व मोकळी, अशी जागा मिळाली की डोळे मिटून घ्यावी.

अर्थात आडोशाला डास. वारा असतो तिथे ते टिकत नाहीत, झाडीत मात्र संध्याकाळी फोडून काढतात. मे-जूनमध्ये उंच गवतातून गोचीड येतात ते वेगळेच. रोज रात्री मुलांचे केस, काखा, कानामागे तपासायचं. सासूबाईंना यात काही नवल वाटलं नाही, "म्हशीला बघतो तसंच" म्हणाल्या. वारा की डास असं निवडायची वेळ आली तर तंबूवाल्यांनी डास निवडावेत. ट्रेलरवाल्यांना जाळीचं दार असतं, त्यांनी थोडी मोकळी जागा घेतली तरी चालते.

नऊपैकी तीन मुक्काम फोर्ट क्वापेलजवळच्या एको व्हॅली उद्यानात झाले आणि लहान मुलं असलेल्यांना मी पहिल्यांदा तिथेच पाठवेन. रेजायनाहून तासाभरात पोचता. मुलाला ताप आला, पाऊस लागला, काहीही झालं तरी रात्री घरी परतता येतं, हे मोठं सुख. सपाट शेतांमधून जाता जाता रस्ता अचानक खाली उतरतो आणि क्वापेलची दरी उघडते. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या पाण्याने कोरलेली, म्हणून आजच्या नदीच्या मानाने फारच रुंद. दरीत अ‍ॅस्पनची झाडं आहेत, त्यांची पानं जराशा वाऱ्याने पिंपळासारखी सळसळतात. पोहायचं असेल तर जुलैच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. प्रेअरीतली तळी उथळ, त्यात शेतांतलं खत वाहून येतं, आणि उन्हं तापली की बऱ्याच तळ्यांत निळं-हिरवं शेवाळ धरतं. पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं दिसलं की मुलं आणि कुत्री दोघांनाही बाहेरच ठेवायचं.

ट्रेलर घेतल्यावर प्रश्न बदलले. जागेवरच्या विजेच्या खांबावरचा अँपिअरचा आकडा वाचायला शिकले. 15 अँपिअरच्या खांबावर एसी आणि इलेक्ट्रिक कुकर एकदम लावले की ब्रेकर पडतो. 30 वर दोन्ही चालतात, त्यात किटली घातली तर पुन्हा अंधार. भाताची वेळ झाली की एसी बंद, हा आमच्या ट्रेलरचा नियम. दुसरं, जागा सपाट हवी. आमचा फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा जुन्या पद्धतीचा आहे, ट्रेलर कलता असला की तो गार करत नाही. एका मुक्कामात दही उतू जाईपर्यंत आंबलं तेव्हा हे कळलं. आणि शक्य असेल तर आरपार जागा घ्या, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. नवरा ट्रेलर उलटा घेत असताना मी हातवारे करते, तो भलतंच समजतो, आणि आजूबाजूचे सगळे खुर्च्या वळवून बसतात. ट्रेलरच्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागेवर रविवारी अकरानंतर रांग लागते. सकाळी आठला निघा किंवा जेवूनच निघा.

शौचालय मिनिटभराच्या अंतरावर असावं, पण शेजारी नको. रात्रभर दार आपटतं आणि दिवा तंबूवर येतो. खेळाच्या मैदानाजवळची जागा मुलांना सोयीची खरी, पण खडीच्या रस्त्यावरून गाड्या गेल्या की पोह्यांवर धूळ.

ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाबद्दल मात्र माझे वरचे सगळे नियम मोडतात. व्हॅल मरी गावाजवळच्या फ्रेंचमन व्हॅली कॅम्पग्राउंडवर सावली नाही, आडोसा नाही, रेजायनाहून जवळजवळ चार तास. आम्ही ऑगस्टच्या शेवटी ट्रेलर घेऊन गेलो. 2005 मध्ये इथे बायसन (इकडचे रानगवे) परत आणले, शंभरेक वर्षांनी. रस्त्याकडेला ते चरत होते, आम्ही काचा वर करून गाडीतच बसलो. कॅनडात काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग (खारीच्या कुळातले, बिळात राहणारे प्राणी) रानात फक्त याच परिसरात उरलेत, त्यांची आख्खी वसाहत बिळांच्या तोंडाशी उभी राहून ओरडते. मुलगा दोन तास हलला नाही. इथे रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारा विषारी सापही आहे. चपला झटकून घालायची सवय सासूबाईंना फुरशांमुळे सोलापूरचीच आहे, आम्हाला ती नव्याने लावावी लागली. तंबूवाल्यांनी इथे यावं का? वाऱ्याचा अंदाज बघून, आणि एकच रात्र. ताऱ्यांसाठी मात्र जूनमध्ये येऊ नका. हे अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र आहे हे खरं, पण जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो आणि खरा काळोख व्हायला मध्यरात्र होत येते, तोवर मुलं झोपलेली असतात. ऑगस्ट अखेरीस दहालाच आकाशगंगा दिसली.

शेवटचा मुक्काम सप्टेंबरच्या मध्यात सायप्रस हिल्सला. पश्चिमेचा रॉकी पर्वत आणि पूर्व टोकाचा लॅब्राडोर यांच्यामधला हा कॅनडातला सगळ्यात उंच भाग, हिमयुगात माथा बर्फाच्या वर राहिला म्हणतात. लॉजपोल पाइनची दाट झाडी, खालच्या मेपल क्रीक गावापेक्षा हवा थंड. सगळा वारा वरच्या शेंड्यांत, खाली मेणबत्तीही विझत नव्हती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच स्टोव्हला पत्र्याचा आडोसा लावावा लागला नाही. फक्त कामगार दिनाची सुट्टी (इथे ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते) संपल्यावर कुठेही जाणार असाल तर आधी विचारून घ्या : पाइप गोठू नयेत म्हणून नळ बंद करायला लागतात आणि आंघोळीच्या खोल्यांना कुलूप लागतं. आम्ही वीस लिटरचे दोन कॅन घरून भरून नेले होते. सकाळी उठलो तर बाहेर ठेवलेल्या कॅनच्या तोंडाशी बर्फाचा पापुद्रा धरला होता. तो चमच्याने फोडून चहा ठेवला.