शंभर वॉनच्या नाण्यावरचा दर्यासारंग

दक्षिण कोरियाचे शंभर वॉनचे नाणे गेल्या महिन्यात माझ्या संग्रहात आले, आणि तेव्हापासून ते मी अनेकदा भिंगाखाली धरून पाहिले आहे. तांबे ७५ टक्के व निकेल २५ टक्के अशा मिश्रधातूचे हे नाणे २४ मिलिमीटर व्यासाचे आणि ५.४२ ग्रॅम वजनाचे असून त्याची कड दातेरी आहे. ॲडमिरल यी सुन-शिन यांची छबी असलेले हे नाणे १९७० साली प्रथम निघाले. आजची घडण १९८३ ची आहे.

मला सर्वांत भावली ती या छबीची शांतता. एवढ्या मोठ्या आरमारी सेनानीच्या अंगावर चिलखत नाही की हातात तलवार नाही. डोक्यावर आहे ती दरबारी अधिकाऱ्याची टोपी. जपानी आक्रमणाविरुद्ध १५९२ पासून समुद्रावर विजय मिळवणाऱ्या या माणसाला १५९७ मध्ये त्याच दरबाराने कैदेत टाकले आणि साध्या शिपायाच्या दर्जावर उतरवले. पुढे कोरियन आरमाराची धूळधाण झाल्यावर त्यालाच परत बोलावले, आणि म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीच्या वेगवान प्रवाहाचा आधार घेऊन त्याने अवघ्या तेरा जहाजांनिशी शंभराहून अधिक जहाजांच्या ताफ्याला परतवले. हे ठाऊक असले की त्या टोपीकडे पाहताना मन हेलावते. त्यांचे समकालीन चित्र उपलब्ध नाही, त्यामुळे हा चेहरा चित्रकाराच्या कल्पनेतला आहे. तरीही तो मला खरा वाटतो.

मागील बाजू मात्र फारच साधी आहे. १०० हा ठसठशीत अंक, वर्ष आणि बँकेचे नाव, एवढेच. यी यांचे प्रसिद्ध कासव-जहाज, म्हणजे कासवाच्या पाठीसारखे छत असलेली युद्धनौका, इथे असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते; ते पाहायचे तर पाच वॉनचे नाणे वेगळे मिळवावे लागते.

खरेदीत माझी थोडी निराशा झाली. विक्रेत्याने चलनात न आलेले म्हणून पाठवलेले नाणे तिरप्या उजेडात धरताच पॉलिश केल्याचे बारीक ओरखडे दिसले आणि दाढीचे केस सपाट झालेले आढळले. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी टोपीचा उंचवटा आणि दाढी यांचे जवळून काढलेले छायाचित्र अवश्य मागवावे. हे नाणे कोरियात रोजच्या व्यवहारातले आहे, तेव्हा घासलेल्या नगावर समाधान मानण्याचे काहीच कारण नाही. मी दुसरे, स्वच्छ नाणे शोधतो आहे.