गणेशपेठेतलं लॉज: अ‍ॅप नको, फोन करा

नागपूरच्या गणेशपेठ बसस्टँडजवळचं छोटं घरगुती लॉज आहे, लिफ्ट नाही. मे महिन्यात राहिलो, पारा 45 च्या घरात, त्यामुळे अर्ध्या खोल्या रिकाम्या आणि कूलर मात्र मस्त, वाळ्याच्या ताट्या नवीन होत्या. बाथरूम जुनं पण साफ. उशा बदला न भाऊ!

अ‍ॅपवर दिसला त्याहून रेट काउंटरवर कमी पडला. काउंटरवरचे लॉजवाले काका सांगून राहिले होते की साइटवाले 15-20 टक्के कमिशन कापतात, वरून सेलचं डिस्काउंटही आमच्याच माथी, पण लिस्टिंग काढलं तर बाहेरगावचं नवीन गिऱ्हाईक येतच नाही, म्हणून दोन-चार खोल्याच तिथं ठेवतो अन् बाकीच्या फोनवर देतो. डिसेंबरात अधिवेशन, दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, तेव्हा त्याही बंद, कारण खोल्या अशाच भरतात. बरोबरच आहे म्हणा.

थेट बुकिंगला चेकआउट 24 तासांचा, अ‍ॅपवाल्यांना दुपारी बारा. रात्रीच्या बसनं येणाऱ्याला हाच खरा फायदा. दुपारी फोन उचलत नाहीत, झोपत असतील, पण गिऱ्हाईक कमी असताना हे काही बरोबर नाही. तर्री पोहे कोपऱ्यावरच मिळतात.