तेरेखोलच्या खाडीसाठी सांगलीतून भाड्याने घेतलेली लेन्स

सांगलीत कॅमेऱ्याचे साहित्य भाड्याने देणारी दुकाने आहेत. मात्र त्यांतील बहुतेकांचा व्यवहार लग्नसराईवर उभा आहे. त्यामुळे ७०-२०० मिमीची लेन्स, कॅमेरा स्थिर धरणारे गिंबल, फ्लॅश आणि एलईडी दिवे सहज मिळतात, पण पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी असली की मला तरी नेहमी पुण्याकडे पाहावे लागत असे. विश्रामबाग भागातील एका दुकानाने आता असे साहित्य ठेवायला सुरुवात केली आहे. महाराष्ट्र-गोवा सीमेवरील किनाऱ्याच्या छायाचित्रणासाठी मी त्यांच्याकडून दोन लेन्स घेतल्या. त्या लेन्स आणि ती सेवा या दोहोंविषयी हे लिहीत आहे. माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी दुकानाच्या चालकांसमोर मांडल्या आहेत, म्हणून नाव येथे देत नाही. एवढे मात्र आरंभीच सांगतो की अशा सेवेची परीक्षा तिच्याकडे किती महाग लेन्स आहेत यावर होत नसून, लेन्स हातात देण्यापूर्वी ग्राहकाला काय विचारले जाते यावर होते, आणि त्या परीक्षेत हे दुकान उत्तम उतरले.

मी थेट सिग्माच्या १५०-६०० मिमी लेन्सची ‘स्पोर्ट’ आवृत्ती मागितली होती. काउंटरवरच्या तरुणाने कपाट उघडण्याआधी विचारले, “सर, आधी कुठे जाणार आणि काय टिपणार ते सांगा. होडीत बसणार आहात का? किल्ले किती, पक्षी किती?” मी तेरेखोल, रेडी, शिरोडा आणि वेंगुर्ल्याचा बेत सांगितल्यावर त्याने त्याच पल्ल्याची ‘कंटेम्पररी’ आवृत्ती पुढे केली आणि कारण समजावून दिले. स्पोर्टचे वजन २,८६० ग्रॅम आहे, तर कंटेम्पररीचे १,९३० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ एक किलोचा फरक पडतो. स्पोर्टचे संपूर्ण अंग धूळ आणि पाण्याच्या तुषारांपासून राखलेले असते, कंटेम्पररीमध्ये ही सोय फक्त कॅमेऱ्याला जोडल्या जाणाऱ्या भागापुरती आहे. पावसाळ्यात कोकणात उतरायचे असेल तर वजन सोसूनही स्पोर्टच घ्यावी, परंतु थंडीच्या कोरड्या दिवसांत, जेथे हातात लेन्स धरून तासन्‌तास चालायचे आहे आणि होडीत चढायचे-उतरायचे आहे, तेथे हलकी लेन्स अधिक वेळा डोळ्यापर्यंत जाते, असे त्याचे म्हणणे होते. स्पोर्टचे भाडे अधिक असूनही त्याने ती माझ्या गळ्यात मारली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वास्तूंसाठी त्याने कॅननची १०-१८ मिमी लेन्स सुचवली. तिचे वजन अवघे २४० ग्रॅम असल्याने पिशवीत तिचा भार जाणवतच नाही.

साहित्य ज्या कपाटात ठेवले जाते त्या कपाटाकडेही माझे लक्ष गेले. हवेतील आर्द्रता नियंत्रित ठेवणारे हे बंद कपाट आहे आणि आतील आर्द्रतेचा आकडा बाहेरूनच वाचता येतो. कोकणातून परत आलेली लेन्स नुसती पुसून साध्या खणात ठेवली, तर आतल्या काचांवर बुरशी धरण्याचा धोका असतो, आणि भाड्याच्या साहित्यात हा दोष ग्राहकाला घरी गेल्यावरच दिसतो. मला मिळालेल्या दोन्ही लेन्स विजेरीच्या प्रकाशात आरपार पाहिल्या तेव्हा काचा स्वच्छ होत्या. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या होत्या, आणि वातानुकूलित मोटारीतून किंवा खोलीतून बाहेर पडल्यावर पिशवी लगेच न उघडता काही वेळ बंदच ठेवावी, अशी सूचनाही मिळाली. सांगलीच्या कोरड्या हवेत वावरणाऱ्याला ही सूचना अनावश्यक वाटेल. परंतु आजरा ओलांडून आंबोलीचा घाट उतरला आणि सावंतवाडी मागे पडली की थंड काचेवर दमट हवेचे दव पाहता पाहता जमते, आणि ते घाईने पुसल्यास खारट ओलाव्यासह बारीक कणही काचेवर घासले जातात.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे. जमिनीने तो शिरोडा-रेडीकडून महाराष्ट्राशी जोडलेला असला, तरी तो गोव्याचा भाग आहे आणि नदीपलीकडच्या केरीहून तेथे फेरीबोटीने जाता येते. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी तो बांधला, १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि गोवामुक्तीच्या लढ्यात १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेथे तिरंगा फडकवला. एवढा इतिहास असलेली ही वास्तू आकाराने मात्र लहान आहे, आणि आतील अंगणात संत अंथनीचे पांढरे चर्च असल्यामुळे छायाचित्रकारापुढे प्रश्न उभा राहतो तो उजेडाचा. चुन्याची पांढरी भिंत आणि जांभ्याचा गडद तट एकाच चौकटीत घेतले की एक तरी बिघडतेच. १०-१८ मिमी लेन्सने अंगण पूर्ण मावते, परंतु कॅमेरा किंचितही वर उचलला की चर्चच्या कडा आतल्या बाजूला कलतात. म्हणून कॅमेरा पातळीत ठेवून, खालची फरशी जास्त आली तरी चालवून, नंतर छाटणी करणे हाच मार्ग मला योग्य वाटला. किल्ल्याच्या वास्तूत दीर्घकाळ हॉटेल चालवले गेले आहे, तेव्हा आत जाण्याची वेळ आणि परवानगी आधी विचारून घेतलेली बरी.

किल्ल्याचे खरे देखणे छायाचित्र मात्र किल्ल्यातून मिळत नाही, ते समोरच्या केरीच्या बाजूने मिळते. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून फिरतो. त्यामुळे केरीच्या काठावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सूर्य आपल्या पाठीमागे राहतो आणि किल्ल्याचा नदीकडचा दर्शनी भाग दिवसाचा बराच वेळ उजळलेला असतो. उलट किल्ल्यावरून केरीच्या पुळणीकडे आणि नदीच्या मुखाकडे पाहिले, तर सूर्य समोर येतो, पाणी चकाकते आणि पलीकडची सुरूची झाडे केवळ काळ्या आकृती होतात. दुकानातल्या तरुणाने नकाशावर बोट ठेवून हे आधीच दाखवले नसते, तर फेरीबोटीची वेळ मी उलटीच ठरवली असती. या ठिकाणी १५०-६०० लेन्सच्या १५० मिमीच्या टोकाचा अनपेक्षित उपयोग झाला. तटाची रेषा, खालचे खडक आणि मधून जाणारी फेरीबोट ही तिन्ही एकमेकांजवळ येऊन चौकट भरते. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा असल्याने ही लेन्स फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या हिशेबाने २४० ते ९६० मिमीसारखे दृश्य देते, आणि म्हणूनच याहून रुंद दृश्य हवे असेल तर १८ आणि १५० मिमी यांच्यामधली एखादी साधी लेन्स घरून न्यावी लागते. ही पोकळी दुकानाने मला सांगायला हवी होती.

रेडीच्या यशवंतगडावर लांब लेन्सचे फारसे काम नाही. वडाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या जांभ्याच्या भिंती, अंधाऱ्या कमानी आणि पानांतून झिरपणारे उन्हाचे कवडसे यांसाठी तिवई आणि सावकाश शटर लागते, आणि ढगाळ सकाळ मिळाली तर उत्तम. माझ्या पाहण्यातल्या किनारी किल्ल्यांमध्ये दगड आणि झाड यांचे इतके एकरूप झालेले दृश्य दुसरे नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत लेन्सने माझा विश्वास मिळवला. या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड दिसतो. कोकणात त्याला काकण म्हणतात. पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर असलेला हा पक्षी उंच झाडांवर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधतो आणि त्याचा विणीचा काळ नेमका आपल्याकडच्या पर्यटनाच्या हंगामात येतो. दुकानातून मिळालेल्या छापील पानावर घरट्याजवळ न जाण्याची, पक्ष्याने मान वळवून आपल्याकडे पाहायला सुरुवात केली की मागे सरण्याची आणि घरट्याचे ठिकाण छायाचित्राबरोबर कोठेही प्रसिद्ध न करण्याची विनंती होती. भाड्याने साहित्य देणाऱ्याने ही जबाबदारी आपली मानावी, याचा मला मनापासून आदर वाटला, कारण लांब लेन्सचे प्रयोजनच मुळी आपण दूर राहावे हे आहे.

तांत्रिक बाजू सांगायची तर उडत्या गरुडासाठी मी १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवले आणि लेन्सवरील फोकसची मर्यादा दहा मीटर ते अनंत या टप्प्यावर आणली. त्यामुळे समोरच्या लाटेच्या तुषारांवर किंवा झावळीवर फोकस अडकून पडत नाही. कंपन रोखण्याच्या सोयीचा दुसरा टप्पा उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवण्यासाठी आहे आणि तो येथे अतिशय उपयोगी पडतो. ६०० मिमीवर लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ ६.३ पेक्षा मोठे होत नाही. म्हणून सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी, चढवावाच लागतो. भरपूर उजेडात छिद्र लहान करून एफ ८ ठेवल्यावर पिसांचा तपशील मला अधिक रेखीव मिळाला. मात्र सकाळचे ऊन चढल्यावर पुळणीवरची तापलेली हवा थरथरू लागते, आणि दूरवरचे कुरव किंवा चिखल्यांचे थवे ६०० मिमीवर कितीही काळजीपूर्वक टिपले तरी अस्पष्टच येतात. तो दोष लेन्सचा नाही. त्या वेळी कॅमेरा बंद करून जेवायला जावे.

समुद्रावर गणित बदलते. गादा, म्हणजे आपला किनाऱ्यालगतचा डॉल्फिन, पाण्यावर क्षणभरच पाठ दाखवतो, आणि ६०० मिमीच्या अरुंद चौकटीत तो सापडेपर्यंत बुडालेला असतो. १५० ते २५० मिमीच्या दरम्यान लेन्स ठेवून, पाण्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहत राहणे हेच फलदायी ठरते. नावाड्याला होडी डॉल्फिनच्या मागे दामटायला सांगू नये. इंजिन मंद ठेवून थांबले तर ते स्वतःच्या वाटेने वर येतात. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. लाळेपासून घरटी बांधणाऱ्या या पाकोळ्या गुहेच्या अंधारात प्रतिध्वनीच्या आधाराने वाट काढतात. घरट्यांच्या चोरट्या व्यापाराने त्यांना पूर्वी पुष्कळ त्रास झालेला आहे, म्हणून बेटावर उतरण्याचा विचारही न करता मी होडीतूनच पाहिले. इतके लहान आणि वेगवान पक्षी या लेन्सने टिपणे माझ्या आवाक्यातले नव्हते, आणि दीपगृहासह बेटांची बाह्यरेषा घेण्यात मला समाधान होते.

ऑलिव्ह रिडले कासवांसाठी जाणाऱ्यांनी दुकानातून फ्लॅश घेऊच नये. वायंगणीसारख्या गावांत पिल्ले समुद्राकडे सोडली जातात तेव्हा मिळेल त्या नैसर्गिक उजेडात, स्वयंसेवकांनी आखलेल्या दोरीच्या बाहेरून काम करावे. कृत्रिम प्रकाशाने पिल्लांची दिशा चुकते. मी फ्लॅशची चौकशी केली नव्हती, तरीही “कासवांसाठी फ्लॅश आम्ही देत नाही” असे मला आपणहून सांगण्यात आले.

आता तक्रारी. लेन्सबरोबर दिलेल्या तिवईचे डोके सैल होते. दोन किलोंच्या आसपास वजनाची लेन्स त्यावर बसवली की पुढचे टोक हळूहळू खाली झुकत असे, आणि यशवंतगडाच्या अंधारात सावकाश शटरची अनेक छायाचित्रे त्यामुळे वाया गेली. लेन्स जितक्या काळजीने तपासली जाते तितक्याच काळजीने तिवई तपासली जात नाही, हे उघड आहे. खाऱ्या वाऱ्यापासून बचाव करणारे कापडी आवरण मागूनही मिळाले नाही, आणि मला स्वयंपाकघरातील प्लास्टिकची पिशवी रबराने बांधून काम भागवावे लागले. साहित्य देताना त्याच्या स्थितीची लेखी नोंद केली जात नाही. मी स्वतःच मोबाइलवर काचा, माउंट आणि हुडची छायाचित्रे काढून चालकांना पाठवली, आणि प्रत्येक ग्राहकाने तसे करावे. अनामत रक्कम परत मिळायलाही ठरल्यापेक्षा उशीर झाला व त्यासाठी दोनदा आठवण करावी लागली. ती पूर्ण मिळाली, हे नमूद करणे न्याय्य आहे.

भाडे चोवीस तासांच्या हिशेबाने आकारले जाते, आणि सांगलीहून किनाऱ्यापर्यंत जाण्या-येण्यातच मोठा वेळ खर्च होत असल्याने प्रवासाच्या दिवसांना अर्धे भाडे लावण्याची त्यांची पद्धत बाहेरगावी जाणाऱ्यांना सोयीची आहे. ओळखपत्राच्या प्रतीबरोबर स्थानिक पत्ता असलेली एक व्यक्ती जामीन म्हणून लागते. १५०-६०० कंटेम्पररी त्यांच्याकडे एकच आहे आणि नाताळापासून होळीपर्यंतच्या शनिवार-रविवारांना तिला मागणी असते, तेव्हा शक्य असल्यास आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत. तिवई घरची न्यावी. ती नसेल तर दुकानातली घेताना लेन्स तिच्यावर बसवून, काउंटरवरच पाच मिनिटे उभी करून पाहावी.