एलईडी मॅट्रिक्सवर चित्र आणि व्हिडिओ: डब्ल्यूएलईडी, एक्सलाइट्स, रिझोल्यूम की मॅड्रिक्स?

एलईडीच्या पट्ट्या चिकटवून झाल्या, वीजपुरवठा जोडला, दिव्यांना डेटा देणारा कंट्रोलर लागला. आता त्या जाळीवर चित्र हललं पाहिजे. इथे बहुतेक जण कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किती इफेक्ट आहेत ते मोजत बसतात. इफेक्ट सगळ्यांकडेच भरपूर आहेत, त्यावरून निवड करू नका. आधी ठरवा, दिवे चालू असतील तेव्हा संगणक चालू असणार का, आणि असला तर त्याच्यापुढे कुणी बसणार का. याचं उत्तर मिळालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

संगणकही नको आणि माणूसही नको, असं असेल तर डब्ल्यूएलईडी. हे मोफत आणि मुक्तस्रोत फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच राहणारं सॉफ्टवेअर, थेट ईएसपी32 या छोट्या वाय-फाय चिपवर बसतं आणि इफेक्टचं गणितही तिथेच होतं. 0.14 या आवृत्तीपासून त्यात द्विमितीय मॅट्रिक्सची सोय आली, त्यामुळे आग, लाटा, सरकता मजकूर अशा गोष्टी फोनवरून निवडल्या की काम झालं. वीज गेली आणि परत आली तरी ठरवलेला प्रीसेट, म्हणजे जतन केलेला इफेक्ट, स्वतःहून सुरू होतो. मात्र व्हिडिओ दाखवायचा तर तो नेटवर्कवरून बाहेरून पाठवावा लागतो. त्यातली एक सोय मला फार आवडते. बाहेरून येणारा डेटा थांबला की साधारण अडीच सेकंदांत डब्ल्यूएलईडी स्वतःच्या इफेक्टवर परत येतं. संगणक अडकला तरी जाळी काळी पडत नाही.

कार्यक्रम आधी बांधून ठेवायचा आणि ठरल्या वेळी गाण्याबरोबर वाजवायचा असेल, तर एक्सलाइट्स. तेही मोफत आणि मुक्तस्रोत आहे. दिव्यांची मांडणी पडद्यावर उभी करायची, टाइमलाइनवर गाणं टाकायचं आणि हव्या त्या क्षणी चित्राचा किंवा व्हिडिओचा इफेक्ट ठेवायचा. सगळं रेंडर होऊन, म्हणजे प्रत्येक क्षणाला प्रत्येक दिव्याचा रंग आधीच ठरून, एक फाइल तयार होते. ती रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालणाऱ्या फाल्कन प्लेअरमध्ये टाकली की मुख्य संगणक बंद करून ठेवला तरी चालतं. गाण्याचा ठोका आणि दिव्याची उडी इतकी नेमकी जुळवायची असेल तर मला याच्या तोडीचं मोफत साधन माहीत नाही. पण ऐनवेळी काही बदलायचं म्हटलं की पुन्हा रेंडर करा, पुन्हा फाइल चढवा. शिवाय सुरुवातीचे काही दिवस शिकण्यातच जातात, ते धरून चाला.

समोर गर्दी आहे, संगीत प्रत्यक्ष वाजतंय आणि कुणीतरी हाताने दृश्यं बदलणार आहे, अशा वेळी मुकाबला रिझोल्यूम अरीना आणि मॅड्रिक्स यांचा. दोन्ही पैसे मोजून घ्यायची. रिझोल्यूम मुळात व्हिडिओ वाजवण्याचं साधन आहे. थरावर थर चढवायचे, ठोक्याशी बांधायचे, आणि त्यातलाच एक तुकडा एलईडींकडे वळवायचा. प्रोजेक्टर, मोठा पडदा आणि एलईडी पट्ट्या एकाच जागेवरून चालवायच्या असतील तर हेच घ्या. फक्त घेताना अरीना घ्या. त्याचा धाकटा भाऊ ॲव्हेन्यू एलईडी फिक्स्चरकडे, म्हणजे अशा दिव्यांच्या संचाकडे, डेटा पाठवत नाही. मॅड्रिक्सचा जन्म मात्र दिव्यांसाठीच झालेला. ते फक्त विंडोजवर चालतं, परवाना यूएसबी की मध्ये असतो आणि किती युनिव्हर्स (दिव्यांच्या 512 चॅनेलचा एक गट) चालवायचे त्यानुसार त्याची पायरी बदलते. आवाजावर नाचणारे इफेक्ट त्यात तयार मिळतात. दिवे भिंतीवर नसून जागेत टांगलेले असतील, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली अशी खरी त्रिमितीय जाळी असेल, तर मी थेट मॅड्रिक्सकडे बोट दाखवेन.

जिंक्स हे जुनं, मोफत, विंडोजवरचं छोटं सॉफ्टवेअर आहे. पॅचिंग, म्हणजे कोणता पिक्सेल कोणत्या चॅनेलशी जोडायचा, ते समजून घ्यायला आजही छान, पण मोठं काम त्याच्या भरवशावर उभं करू नका.

आता सगळ्यांना सारख्याच नडणाऱ्या गोष्टीकडे येतो, कारण माझे सगळ्यात जास्त तास तिथेच गेलेत. डीएमएक्स ही दिव्यांना आदेश पाठवायची ठरलेली पद्धत; तिच्या एका युनिव्हर्समध्ये 512 चॅनेल असतात. एका आरजीबी पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन लागतात, म्हणजे 170 पिक्सेल बसतात आणि दोन चॅनेल उरतात. त्या उरलेल्या दोघांचं काय करायचं यावर सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर यांचं एकमत नसलं की घोळ होतो. माझी जाळी 32 बाय 16 ची होती, म्हणजे 512 पिक्सेल. सॉफ्टवेअर सगळे 512 चॅनेल भरत होतं, त्यामुळे त्याचं काम बरोब्बर तीन युनिव्हर्समध्ये संपत होतं. कंट्रोलर मात्र 170 वर थांबून पुढचा युनिव्हर्स धरत होता. वरच्या पाच ओळी अगदी स्वच्छ दिसत. सहाव्या ओळीत दहा पिक्सेल झाले की लालाचा हिरवा व्हायचा, अकराव्या ओळीत रंग आणखी एकदा फिरायचे, आणि कोपऱ्यातले शेवटचे दोन पिक्सेल काळेच राहायचे, कारण कंट्रोलर त्यांच्यासाठी चौथ्या युनिव्हर्सची वाट पाहत होता. मी दोन दिवस वायरी तपासत होतो. सॉफ्टवेअरमध्ये 512 च्या जागी 510 लिहिलं, चौथा युनिव्हर्स जोडला आणि चित्र जागेवर आलं. सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर दोघांना डीडीपी, ही पिक्सेलचा डेटा नेटवर्कवरून पाठवायची दुसरी पद्धत, येत असेल तर तीच वापरा. तिच्यात युनिव्हर्सची भानगडच नसते.

दुसरी मर्यादा खुद्द एलईडीची. डब्ल्यूएस2812बी जातीच्या एका पिक्सेलला डेटा द्यायला 30 मायक्रोसेकंद लागतात. एका वायरीवर 512 पिक्सेल असतील तर सेकंदाला साधारण 60 फ्रेम मिळतात. त्याच वायरीवर 2000 लावले तर 16 च्या आसपास, आणि व्हिडिओ डोळ्यांना धक्के देत पुढे सरकतो. हे कोणतंही महाग सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. जाळी चार वायरींत वाटून टाकणं हाच उपाय.

आणि चित्र कोणतं दाखवायचं ते त्या जाळीत किती पिक्सेल आहेत ते पाहून निवडा. 32 बाय 16 मध्ये माणसाचा चेहरा दाखवला तर डोळ्याच्या वाट्याला दोन पिक्सेल येतात, आणि दिसतो तो नुसता गुलाबी डाग. काळ्या पार्श्वभूमीवर उडणारा पक्षी, फुटणारी लाट, फिरणारं चाक दाखवा. ते लांबूनही ओळखू येतं, कारण डोळा आकारापेक्षा हालचाल आधी पकडतो. चेहरेच दाखवायचे असतील तर पट्ट्या सोडून दाट पिचच्या, म्हणजे पिक्सेल अगदी जवळजवळ असलेल्या, व्हिडिओ पॅनेलकडे वळा. फिके रंग पांढुरके, विटलेले दिसत असतील तर गॅमा करेक्शन, म्हणजे उजेडाच्या पायऱ्या डोळ्याला जुळवून घेणारी सोय, एकाच ठिकाणी सुरू आहे ना ते पाहा. सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर दोन्हीकडे सुरू राहिलं तर अंधारातले सगळे बारकावे काळ्यात बुडतात.

पैसे भरायच्या आधी प्रत्येक सॉफ्टवेअरवर एकच चाचणी घ्या. पांढरी उभी रेघ डावीकडून उजवीकडे हळू सरकवा. रेघ अखंड राहिली तर मॅपिंग बरोबर. एकाआड एक ओळीतले ठिपके उलट दिशेने समोरासमोर येताना दिसले तर वायरिंग नागमोडी आहे (एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून) आणि सॉफ्टवेअरला ते सांगितलेलं नाही. 512 पिक्सेल पूर्ण पांढरे पेटले तर प्रत्येकी 60 मिलिअँपिअर धरून 30 अँपिअरच्या वर करंट लागतो. या रेघेत एका वेळी सोळाच पिक्सेल पेटतात, त्यामुळे वीजपुरवठ्यावर ताणही येत नाही.