पहिली राणी: पेटी फोडून, अळी उचलून की विकत आणून?

मधमाश्यांच्या एकदोन पेट्या वर्षभर सांभाळल्या, पावसाळ्यातून सुखरूप बाहेर काढल्या, की मनात येतंच: पुढची पेटी आता आपण तयार केलेल्या राणीवर उभी करायची. त्यासाठी तीन वाटा आहेत. भरलेल्या पेटीचे दोन भाग करून माश्यांनाच राणी घडवू द्यायची, म्हणजे पेटी फोडणं. नाहीतर दिवसभराची अळी सुईने उचलून राणीघरासारख्या छोट्या कपात ठेवायची, म्हणजे ग्राफ्टिंग. किंवा नरांशी मिलन झालेली राणी सरळ विकत आणायची. तिन्ही मी करून पाहिलं आहे. माझं मत आधीच सांगतो: पेटीत सातेरी (आपली देशी मधमाशी) असेल तर पेटी फोडा, आसपास दुसरी कुणाचीच पेटी नसलेली मेलिफेरा (बाहेरून आणलेली जात) असेल तर पहिली राणी विकत घ्या, आणि ग्राफ्टिंग दोघांनीही दुसऱ्या वर्षावर ठेवा.

असं म्हणण्याचं कारण पेटीबाहेर आहे. नवी राणी आपल्या मेणाच्या घरातून बाहेर पडल्यावर पाचसहा दिवसांनी उडते आणि हवेतच दहापंधरा, कधी त्याहून जास्त नरांशी तिचं मिलन होतं. तेवढ्या एकदोन दिवसांच्या शिदोरीवर ती जन्मभर अंडी घालते. आता समजा, नागपुरात काटोल रोडला एखाद्या शेतात तुमची एकच मेलिफेराची पेटी आहे. तिच्यातून घडलेल्या राणीला आकाशात भेटणार कोण? तिचेच भाऊ. राणीची आणि नराची लिंग ठरवणारी खूण सारखी निघाली, तर त्या नराच्या वाट्याच्या निम्म्या अंड्यांतून कामकरी माशीऐवजी निकामी नर तयार होतो आणि माश्या त्याला अळी असतानाच खाऊन टाकतात. सगळे नर भाऊच असले तर हिशेबाने सरासरी पाव पिल्लं जातात. पोळ्याची चौकट उचलली की पिल्लांच्या बंद घरांच्या मध्ये रिकामी भोकं दिसतात. नवशिका म्हणतो, राणी वाईट निघाली. खरं तर राणीचा दोष नसतो, तिला स्थळच मिळालेलं नसतं.

सातेरीला ही अडचण कमी. ती इथलीच. गोरेवाड्याच्या, सेमिनरी हिल्सच्या झाडांच्या ढोल्यांत, जुन्या विहिरींच्या कपारीत, पडक्या भिंतींत तिची मोहळं असतात, आणि त्यांतले नर तुमच्या राणीला मिळतात. मेलिफेरा भारतात रुळली ती 1962 नंतर, त्या वेळच्या पंजाबातल्या नगरोट्यापासून. आपल्याकडे ती पेट्यांतच राहते. तेव्हा जवळपास दुसऱ्या कुणाच्या पेट्या असतील, किंवा संत्र्याच्या बहारात कुणी आणून ठेवल्या असतील, तरच मेलिफेराची घरची राणी करायला घ्या.

आता पेटी फोडण्याबद्दल, कारण बहुतेकांनी हेच करावं असं मला वाटतं. पेटी माश्यांनी गच्च भरली की चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी राणीघरं लोंबू लागतात. ती माश्यांनी सवडीने बांधलेली असतात. त्यांतल्या अळीला पहिल्या घटकेपासून भरपूर रॉयल जेली, म्हणजे राणीचं दुधासारखं खाद्य, मिळते, म्हणून ही राणी चांगली निघते. जुन्या राणीला अंडी-पिल्लांच्या दोन चौकटी आणि मधाची एक चौकट देऊन नव्या पेटीत हलवा. राणीघरं जुन्या जागीच राहू द्या, म्हणजे बाहेरून परतणाऱ्या माश्याही त्याच पेटीत येतात आणि घरं उबेत राहतात. दोन चांगली घरं ठेवा, बाकीची काढा. सातेरी लहरी आहे, कमी पडलं तर पेटी सोडून जाते. म्हणून दोन्ही पेट्यांना साखरपाक द्या आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या आधी पोहोचतात.

अशी घरं आयती नसतील तर राणीशिवायच्या भागाला ताजी अंडी असलेली चौकट द्यावी लागते. माश्या घाईघाईने चौकटीच्या मधल्या भागात राणीघरं काढतात. इथे एक चूक सगळ्यांकडून होते. घाईत माश्या दोनतीन दिवसांच्या अळीवरही घर बांधतात, ते आधी बंद होतं आणि त्यातली राणी आधी बाहेर येऊन बाकीच्यांना मारते. तीच नेमकी कमजोर असते. म्हणून चौथ्या दिवशी उघडून बघा आणि तोवर बंद झालेली घरं मोडून टाका. सातेरीत हे काम लांबवू नका. राणी नसली की तिच्या कामकरी माश्या फार लवकर स्वतः अंडी घालू लागतात, आणि मग ती पेटी वळणावर आणणं फार जड जातं.

तारखा मांडून बघा. 1 फेब्रुवारीला पेटी फोडली, तर नवी राणी 12-13 तारखेला बाहेर, 19-20 च्या सुमारास उड्डाणं, 25 च्या आसपास अंडी, आणि नव्या कामकरी माश्या 18-20 मार्चला. सातेरीत दिवस-दोन दिवस कमी लागतात. मधल्या काळात माश्या रोज मरतात, आणि आधीची पिल्लं बाहेर येऊन संपली की नवी भर काही पडत नाही. पुढे एप्रिल, मग मे अखेरचा नवतपा. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की पेटीतली अर्धी माणसं (मी माश्यांना माणसंच म्हणतो) पाणी आणण्यात गुंततात. म्हणून फेब्रुवारी संपल्यावर पेटी फोडू नये. चुकलंच तर पावसानंतर, तूर फुलायला लागली की दुसरी संधी असते.

आणि फेब्रुवारीतही घाई नको. नर माशीला अंड्यापासून बाहेर यायला 24 दिवस, वर उडण्याजोगं व्हायला साधारण बारा दिवस लागतात. आधी आपल्या पेटीत नरांची बंद घरं शोधा. सातेरीची ती ओळखायला सोपी: टोपीच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र असतं. ते दिसलं की आसपासच्या मोहळांतही नर तयार होत असतील असं धरायला हरकत नाही.

ग्राफ्टिंगचं आकर्षण मला समजतं. अमेरिकेतल्या डूलिटल यांनी ही रीत 1889 मध्ये सविस्तर मांडली, आणि जगभर विकाऊ राण्या आजही मुख्यतः अशाच तयार होतात. अळी हवी बारा ते चोवीस तासांची, स्वल्पविरामाएवढी, दुधासारख्या थेंबात तरंगणारी. ऊन खांद्यावरून घराच्या तळाशी पडेल असं बसायचं, सुई अळीच्या पाठीमागून सरकवायची आणि थेंबासकट उचलायची. अळी उलटली तर गेली. आपली फेब्रुवारीची दुपारची हवा इतकी कोरडी की कपातली अळी बघता बघता सुकते. मी पहिल्यांदा वीस कप भरले आणि माश्यांनी तीन स्वीकारले. ओला पंचा पसरून, बंद खोलीत काम केलं तेव्हा आकडा सुधारला. पण खरी अडचण हात बसण्याची नाही. कप वाढवायला दाई माश्यांनी (अळ्यांना भरवणाऱ्या कोवळ्या माश्यांनी) ठासून भरलेली, राणी नसलेली वेगळी पेटी लागते. दहाव्या दिवशी एकेक पिकलेलं घर वेगवेगळ्या छोट्या पेटीत द्यावं लागतं. दोन पेट्यांच्या घरात पंधरा राण्या आल्या तर त्या ठेवणार कुठे?

सुईची हौसच असेल तर मधला मार्ग आहे. माश्यांनी नुकतंच बांधलेलं, अंडी भरलेलं कोवळं पोळं घ्या, खालची कड करवतीसारखी कापा आणि राणी नसलेल्या भागात द्या. कापलेल्या कडेला माश्या राणीघरं काढतात, आणि ती सुटी कापून घेता येतात.

विकतच्या राणीचा मोठा फायदा वेळेचा. पिंजऱ्यातून सुटल्यावर काही दिवसांत ती अंडी घालते, पेटीत खंड पडत नाही. विकाऊ राण्या बहुतेक मेलिफेराच्याच असतात, आणि त्या सातेरीच्या पेटीत चालत नाहीत. माझा एक अनुभव कडू आहे. एप्रिलमध्ये कुरिअरने मागवलेली राणी दुपारी तीनला हातात पडली, तेव्हा ती आणि सोबतच्या सगळ्या माश्या पिंजऱ्यात कोरड्या होऊन पडल्या होत्या. विकणाऱ्याने हात वर केले. तेव्हापासून राणी थंडीतच आणतो, जमेल तर स्वतः जाऊन रात्रीच्या गाडीने. पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर वय कळतं: 5 किंवा 0 ने संपणाऱ्या वर्षाची निळी, 1 किंवा 6 ची पांढरी, 2 किंवा 7 ची पिवळी. जुनी राणी काढून, सगळी राणीघरं मोडून, पिंजरा पिल्लांच्या चौकटींमध्ये तीनचार दिवस ठेवा. माश्या जाळीला चावत असतील तर सोडू नका. जाळीतून जीभ घालून भरवत असतील तर सोडा.

वाट कुठलीही घ्या, संत्र्याच्या बागेत पेटी असेल तर आंबिया बहाराआधी बागवाल्याशी बोला. राणीच्या उड्डाणाच्या आठवड्यात सायला या किडीवरची फवारणी झाली तर सगळं गेलं. माझ्या मामांच्या बागेशेजारचे काका मला दरवर्षी विचारतात, "का जी भाऊ, राणी निंगाली का तुमची? मी फवारा थांबवून राहिलो." एवढ्या एका वाक्याने माझ्या दोन राण्या वाचल्या आहेत. तारेवर वेडे राघू (माश्या खाणारे पक्षी) बसत असतील तर पेटी झाडाच्या आडोशाला हलवा, पण राणी बाहेर येण्याच्या आधी. नंतर हलवली तर ती उडून परत येताना घर चुकते.

उड्डाणाच्या दिवसांत पेटी उघडू नका. मी एकदा भर दुपारी उघडली, राणी तेव्हाच बाहेर होती, आणि ती परतलीच नाही. राहवत नसेल तर संध्याकाळी पेटीला कान लावा. दोन राण्या असल्या तर बारीक पिपाणीसारखा आवाज येतो, आणि बंद घरातून दुसरी त्याला उत्तर देते. पेटी फोडल्यापासून पंचविसाव्या दिवशी, ऊन पाठीशी घेऊन, चौकट किंचित तिरपी धरा. प्रत्येक घराच्या तळाला तांदळाच्या कणीसारखं एकेकच अंडं उभं दिसलं तर राणी लागली. एकाच घरात चारपाच अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, असतील तर ती कामकरी माश्यांची. काहीच दिसलं नाही तर आणखी आठवडाभर थांबा. मग त्या माश्या वाया घालवू नका. राणी असलेल्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, दोनचार बारीक भोकं पाडा आणि ही पेटी वर ठेवा. कागद कुरतडून होईतो वास एक होतो. उरलेले कागदाचे कपटे माश्या दारातून बाहेर ओढताना दिसतील.