चहाच्या फ्रँचायझीचा करार: सहीआधी शेवटची पानं वाचा

चहा-नाश्त्याच्या फ्रँचायझीसाठी पैसे भरायच्या बेतात असाल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. माझ्या धाकट्या दिरांनी आणि जावेने कराडला, विद्यानगरच्या कॉलेजांच्या वाटेवर असं एक आउटलेट घेतलं होतं. दीड वर्षाच्या आत ते बंद पडलं. कंपनीने दिलेला शब्द मोडला, माल वेळेवर पाठवणं सोडलं, आणि शेवटी करारभंग केला म्हणून दिरांनाच नोटीस पाठवून साडेनऊ लाख मागितले. यातली बहुतेक कृत्यं करताना कंपनीकडे बोट दाखवायला करारातलं एकेक कलम तयार होतं. फसवणूक कोऱ्या कागदावर झाली नाही. स्टॅम्प पेपरवर, साक्षीदारांच्या सह्यांनिशी झाली, आणि म्हणून ती जास्त धोक्याची आहे.

आधी पैशांचं सांगते. फ्रँचायझी फी साडेतीन लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी. अनामत दीड लाख. मशिनं, काउंटर, बोर्ड हे सगळं कंपनी सांगेल त्याच व्हेंडरकडून, ते सहा लाखांच्या घरात गेलं. त्यासाठी भावजींनी मुद्रा कर्ज काढलं. दरमहा विक्रीच्या ६ टक्के किंवा २० हजार, यांतली जास्त असेल ती रक्कम रॉयल्टी म्हणून द्यायची. करार ५ वर्षांचा, त्यात पहिली ३ वर्षं लॉक-इन, म्हणजे आपल्याला मधेच सोडता न येणारी. शिवाय ‘सिक्युरिटी’ म्हणून सह्या केलेले दोन कोरे चेक कंपनीने घेतले. हे चेक लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

विक्री करणाऱ्या माणसाने फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. तीन किलोमीटरच्या आत दुसरं आउटलेट देणार नाही. ऑर्डर टाकल्यापासून ४८ तासांत माल पोचेल. आणि दहा महिन्यांत भांडवल सुटेल. माहितीपत्रकातही हेच छापलं होतं. करार मात्र इंग्रजीत, बारीक टायपात, आणि हातात पडला तो फी भरून झाल्यावर. त्यात शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: या करारात जे लिहिलं आहे तेवढाच दोघांतला व्यवहार, यापूर्वीची तोंडी आश्वासनं, मेसेज, जाहिराती आणि माहितीपत्रकं कंपनीला बंधनकारक नाहीत. एवढ्या एका वाक्याने तीन किलोमीटरही गेले आणि ४८ तासही गेले.

पहिलं वर्ष बरं चाललं. मग दिवाळीनंतर प्रीमिक्स (चहाची तयार मिश्र भुकटी), सिरप, छापील कप यांचा पुरवठा अडखळू लागला. दरपत्रक कंपनी वाटेल तेव्हा बदलू शकत होती, तसं तिने ते बदललंही. एकीकडे कराडलाच लागून मलकापूरच्या बाजूला त्याच नावाचं दुसरं दुकान उघडलं. कॉलेजच्या ऐन सीझनमध्ये कपच नाहीत म्हणून भावजींनी बाजारातून साधे कप आणि चहाची भुकटी आणून काम चालवलं. तेवढ्यात कंपनीचा ‘ऑडिट’वाला आला आणि फोटो काढून घेऊन गेला. आठवड्यात नोटीस: मान्यता नसलेला कच्चा माल वापरलात, हा गंभीर करारभंग आहे, करार तत्काळ समाप्त.

तेव्हा तो करार मी कलम-कलम करून वाचला. माझी नोकरी कागदपत्रांचीच असल्यामुळे घरात असली कामं माझ्याकडे येतात. त्या कागदात काय होतं ते सांगते, कारण नावं बदलून हाच मसुदा गावोगाव फिरतो आहे.

करार संपवण्याचं कलम आधी घ्या. कंपनीला ३० दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कधीही बाहेर पडता येत होतं. आपल्याकडून कसूर झाली की नोटिशीचीही गरज नाही, चूक सुधारायला एक दिवसही नाही. उलट कंपनीकडून कसूर झाली तर तिला लेखी कळवायचं, ९० दिवस वाट बघायची, आणि तेवढ्यात तिने ‘सुधारणेला सुरुवात’ केली तरी तक्रार मिटली असं धरायचं. लॉक-इनमध्ये आपल्याला बाहेर पडण्याचा हक्कच नाही. म्हणजे माल आला नाही तरी दुकान उघडं ठेवायचं, भाडं भरायचं, पोरांचे पगार द्यायचे आणि वर २० हजार रॉयल्टीही द्यायची.

माल न येण्याला करारभंग म्हणता येऊ नये याचीही सोय होती. आटोक्याबाहेरच्या परिस्थितीचं कलम साधारणपणे पूर, दंगल, महामारी यांच्यासाठी असतं. इथे त्यात ‘पुरवठादाराकडून उशीर, वाहतुकीतील अडचणी, कच्च्या मालाच्या किमतीतील वाढ’ एवढं घुसडलेलं होतं. ही तर कंपनीच्या धंद्यातली रोजची जोखीम! ती तिने स्वतःच्या अंगावरून झटकली, आणि त्याच कलमात शेवटी ‘रॉयल्टी देण्याची जबाबदारी मात्र कायम राहील’ असंही लिहून ठेवलं.

मग दायित्वाची मर्यादा. कंपनीकडून काहीही नुकसान झालं तरी ती जास्तीत जास्त किती देणार? मागच्या एका महिन्यात तिला मिळालेल्या रॉयल्टीइतकं. म्हणजे २० हजार. बारा लाखांच्या आसपास घालणाऱ्या माणसाला २० हजार. आणि अप्रत्यक्ष नुकसान द्यायचं नाही असं म्हणून अप्रत्यक्ष म्हणजे काय याची यादी दिलेली: बुडालेला नफा, दुकानभाडं, कामगारांचे पगार, कर्जाचं व्याज. सांगा, चहाच्या दुकानाचं प्रत्यक्ष नुकसान यापलीकडे आणखी काय असतं? आपल्या दायित्वाला मात्र कुठेही वरची हद्द नव्हती. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी भावजींच्या नावावर, त्यामुळे कंपनीच्याच बंद पाकिटातल्या प्रीमिक्सबद्दल तक्रार आली तरी भरपाई त्यांनी करायची, कंपनीच्या वकिलाची फीसुद्धा त्यांनीच भरायची.

साडेनऊ लाखांचा हिशोब असा होता. लॉक-इनचे उरलेले १९ महिने गुणिले २० हजार, म्हणजे ३ लाख ८० हजार. ब्रँडच्या बदनामीचे ठोक ५ लाख. बोर्ड उतरवण्याचा आणि ‘प्रशासकीय’ खर्च ७० हजार. अनामत जप्त केली ती वेगळी. जाऊबाई ती नोटीस हातात घेऊन नुसती बसून राहिली होती. तिने स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या या दुकानासाठी. अशा नोटिशीचा खरा उपयोग वसुलीसाठी नसतोच. माणूस घाबरून अनामत सोडून देतो, तक्रार करायचं विसरतो, आणि कंपनी तीच जागा पुढच्या माणसाला विकते.

साताऱ्याच्या एका वकीलबाईंनी आम्हाला जे समजावलं ते सगळ्यांना कळायला हवं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारभंगासाठी रक्कम आधी लिहून ठेवली असली तरी ती आपोआप मिळत नाही. ती कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे घालून दिलं, आणि २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात आणखी स्पष्ट केलं. तो खटला वाचण्यासारखा आहे. १९८२ च्या लिलावात भिकाजी कामा प्लेसमधला भूखंड ३ कोटी १२ लाखांना ठरला होता, प्राधिकरणाने इसाऱ्याचे ७८ लाख जप्त केले, आणि नंतर तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. न्यायालयाने विचारलं, नुकसान कुठे झालं? ७८ लाख ९ टक्के व्याजासह परत करायला लावले. आमच्या बाबतीत तर मलकापूरचं दुकान नोटिशीच्या आधीच उघडलेलं होतं आणि कंपनीला तिथून रॉयल्टी सुरू होती.

बाकीची कलमंही तितकी पोलादी नव्हती. ‘४५ दिवसांत दावा न केल्यास हक्क संपेल’ असं एक वाक्य होतं. करार कायद्याच्या कलम २८ ला १९९७ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून असली अट शून्य ठरते, करारभंगाच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे साधारण ३ वर्षं असतातच. करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा कुठलाही धंदा करायचा नाही, ही बंदीही धंदा करण्यापासून रोखणाऱ्या अटी शून्य ठरवणाऱ्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी टिकू शकते, ती वेगळी. लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणारा, म्हणून कंपनीच्या संचालकाने निवडलेला एकच माणूस, असं लिहिलं होतं. लवाद कायद्यात २०१५ ला आलेलं कलम १२(५) आणि पर्किन्स ईस्टमन खटल्यातला २०१९ चा निकाल पाहता, वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं चालत नाही.

इतकं सगळं बाजूने असूनही गाडी अडली ती एका साध्या ओळीवर: लवादाचं स्थान गुरुग्राम. लवाद निष्पक्ष हवा असेल तर अर्ज तिथल्या उच्च न्यायालयात, म्हणजे चंडीगडला. कराडच्या चहावाल्याने चंडीगडला वकील लावायचा, तारखांना माणूस पाठवायचा, आणि तेही दीड लाखांच्या अनामतीसाठी. मसुदा लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या मते सगळ्या करारातलं सर्वांत महाग वाक्य हेच, आणि सही करताना त्याकडे कोणाचंही लक्ष जात नाही, कारण त्यात रुपयाचं चिन्ह नसतं.

ग्राहक आयोगाचा रस्ता आम्ही पाहिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे, आणि अवाजवी अनामत, भंगाच्या मानाने भरमसाट दंड, एका बाजूने विनाकारण करार संपवण्याची मुभा हे सगळं तिच्यात नेमकं बसतं. पण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा म्हटली की ग्राहक म्हणून उभं राहणंच वादाचं होतं. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार, हा अपवाद मांडता येतो, तरी त्याची खात्री कोणी देईना. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने आपले खटले, खर्च, बंद पडलेली आउटलेटं यांची माहिती लेखी द्यावी लागते. इथे करार पैसे भरल्यावर दाखवतात. हे बदललं पाहिजे, आणि व्यापारी संघटनांनी त्यासाठी आवाज उठवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आम्ही केलं ते एवढंच. वकिलांमार्फत सविस्तर उत्तर पाठवलं. त्यात अडकलेल्या ऑर्डरींच्या तारखा, ‘माल संपलाय, दोन दिवस थांबा’ असे कंपनीचे स्वतःचे मेसेज, आणि कलम ७४ व १२(५) यांचा उल्लेख होता. मूळ मेसेज असलेला फोन जपून ठेवला, कारण पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. नोटिशीची भाषा त्यानंतर मवाळ झाली. बऱ्याच घासाघिशीनंतर कंपनीने साडेनऊ लाखांची मागणी सोडली, अनामतीतले ६० हजार परत दिले. फी गेली, कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

तुमच्यासमोर असा करार आला तर पैसे देण्याआधी मसुदा मागा आणि या अटी त्यात घालून घ्या. कसूर सुधारायला दोघांनाही सारखेच ३० दिवस. १५ दिवस माल आला नाही तर त्या काळाची रॉयल्टी माफ आणि ठरलेल्या दर्जाचा माल बाजारातून घ्यायची मुभा. क्षेत्र नकाशावर आखून करारालाच जोडलेलं. कंपनीने विनाकारण करार संपवला तर फी उरलेल्या काळाच्या प्रमाणात परत आणि पडून असलेला माल कंपनीने खरेदी किमतीला उचलायचा. लवादाचं स्थान आपल्या जिल्ह्यात, निदान पुण्यात. ‘आमचा स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे, बदलत नाही’ असं उत्तर आलं तर पुरवणी करार मागा. तोही नाकारला तर उठून या. तुम्हाला बाहेर पडायची वाट द्यायला जी कंपनी तयार नाही, तिने तुमच्या नुकसानीचा विचार आधीच करून ठेवलेला असतो.

आता त्या दोन चेकांचं. सही करून दिलेला चेक कोरा होता, एवढ्यावर सुटका होत नाही. बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलं आहे की स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने रक्कम भरली तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर. चेक वटला नाही की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. म्हणून तडजोडीच्या कागदावर आम्ही दोन्ही चेकांचे नंबर लिहून घेतले, आमच्याकडून काही येणं नाही असं पत्र कंपनीकडून घेतलं, आणि चेक हातात पडल्यावरच भावजींनी सही केली.